कान कमी होत असलेल्या गायक-वादकांनी काय करावे आणि कोणत्या क्रमाने

भजनी मंडळातले पेटीवाले, लग्नाच्या बँडमधले वादक, खानदेशातल्या कानबाई देवीच्या उत्सवाची रात्र गाऊन जागवणाऱ्या बाया, घरी शिकवणी घेणारे संगीतशिक्षक असे बरेच जण कान कमी झाल्यावर माझ्याकडे विचारपूस करायला येतात. मी तीस वर्षे भजनात पेटीची साथ केली आहे आणि गेली नऊ वर्षे दोन्ही कानांत यंत्र घालून वाजवतो आहे, म्हणून ते येतात. जवळजवळ प्रत्येकाने करायच्या गोष्टी केलेल्या असतात, पण उलट्या क्रमाने. यंत्र आधी विकत घेतलेले असते, तपासणी नंतर झालेली असते, मंडळातल्या सोबत्यांना सगळ्यांत शेवटी कळलेले असते, आणि गाणे-वाजवणे सोडण्याचा निर्णय मात्र पहिल्याच महिन्यात घेतलेला असतो. मीही यातल्या बहुतेक चुका केल्या आहेत. खाली जो क्रम दिला आहे तो शक्यतो मोडू नये, कारण प्रत्येक टप्प्याला आधीच्या टप्प्यातली माहिती लागते.

## टप्पा १ : अचानक की हळूहळू, हे आजच ठरवा

ऐकू येणे काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत एकदम कमी झाले असेल, तर हा लेख इथेच ठेवून कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. सकाळी उठल्यावर एक कान बंद पडल्यासारखा वाटणे, त्यासोबत शीळ वाजणे किंवा चक्कर येणे, ही आतल्या कानाची तातडीची अवस्था असू शकते. तिच्यावर स्टिरॉइडचे उपचार करतात आणि ते पहिल्या दोन आठवड्यांत, त्यातही जितके लवकर सुरू होतील तितके, उपयोगी ठरण्याची शक्यता जास्त असते. ‘सर्दीने दडा बसला असेल, चार दिवसांत उघडेल’ असे म्हणून लग्नसराई उरकेपर्यंत थांबलेले वादक मी पाहिले आहेत. त्यांचे गेलेले परत आले नाही.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत आणि त्यांच्या रुग्णालयांत कान-नाक-घसा विभाग असतो, त्यामुळे पहिल्या तपासणीसाठी पुण्या-मुंबईची वाट पाहण्याचे कारण नाही.

सावधान : कानात कोमट तेल, लसणाचे तेल किंवा कोणाच्या सांगण्यावरून कुठलेही थेंब घालू नयेत. पडद्याला छिद्र असेल तर त्याने इजा होते, आणि नसेल तरी तेलामुळे डॉक्टरांना आतले नीट दिसत नाही.

## टप्पा २ : तपासणीला जाण्यापूर्वी एक वही करा

तपासणीच्या खोलीत ‘काय होते?’ या प्रश्नाला बहुतेक जण ‘कमी ऐकू येते’ एवढेच उत्तर देतात. वादकाला याहून कितीतरी नेमके सांगता येते, आणि ते सांगितले पाहिजे. त्यासाठी किमान दहा दिवस वहीत नोंद करावी. कोणता आवाज हरवला, कोणता विचित्र झाला आणि कोणता पूर्वीइतकाच आहे, असे तीन रकाने पुरतात.

माझ्या वहीतली पहिली नोंद कार्तिकातल्या काकड्याची आहे. देवळात पंधरा-वीस टाळकरी उभे होते आणि मला टाळांचा नुसता ठोका ऐकू येत होता. ठोक्यानंतर पितळेची जी लहर हवेत रेंगाळते ती कुठेच नव्हती, जणू सगळ्यांनी टाळ मुठीत दाबून धरले होते. पखवाजाची धुमाळी मात्र पूर्वीइतकीच भरदार होती. त्यामुळे माझा कान ठीक आहे आणि टाळकरीच आळसावले आहेत, अशी माझी खात्री होती. आठ दिवसांनी नातीने सांगितले की कुकरची शिट्टी झाली आणि आजोबांना कळली नाही, तेव्हा दोन्ही नोंदी एकाखाली एक आल्या.

वहीत पुढच्या गोष्टी विशेष लक्ष देऊन तपासाव्यात. एकच स्वर दोन कानांना वेगवेगळ्या उंचीचा, म्हणजे चढा किंवा उतरलेला, वाटतो का, हे पेटीची एक पट्टी दाबून, आधी एक कान आणि मग दुसरा कान झाकून पाहावे. असा फरक पडत असेल तर तो गायकासाठी आणि तारवाद्य वाजवणाऱ्यासाठी फार महत्त्वाचा असतो. हळू आवाज ऐकू येत नाही पण थोडा मोठा झाला की एकदम टोचतो, असे होते का, ते लिहावे. शीळ किंवा गुणगुण कधी वाढते, तेही लिहावे. आपल्याकडे मे महिन्यात रात्रभर कूलर चालू असतो, त्याच्या घरघरीत ही शीळ लपून राहते आणि थंडी पडल्यावर एकदम वाढल्यासारखी वाटते, म्हणून ऋतूचीही नोंद असू द्यावी.

घेत असलेल्या आणि पूर्वी घेतलेल्या औषधांची यादी सोबत न्यावी. जेंटामायसिन, अमिकासिन यांसारखी इंजेक्शने आणि कर्करोगावरील सिस्प्लॅटिन यांचा आतल्या कानावर परिणाम होऊ शकतो. यादी डॉक्टरांना दाखवावी, परंतु चालू असलेले औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये.

तपासून पाहा : तपासणीच्या आधी किमान सोळा तास मोठ्या आवाजापासून दूर राहिलात का? रात्री वरातीत वाजवून सकाळी तपासणीला बसल्यास कान तात्पुरता थकलेला असतो आणि आलेख आहे त्यापेक्षा वाईट येतो.

## टप्पा ३ : आलेख नुसता घेऊ नका, समजून घ्या

डॉक्टर आधी कानात मळ आहे का आणि पडदा कसा आहे ते पाहतात. नुसता मळ काढल्याने पूर्ववत ऐकू आलेले लोक आहेत, म्हणून ही पायरी क्षुल्लक समजू नये. त्यानंतर आवाजबंद खोलीत श्रवणतज्ज्ञ एकेका उंचीचा सूर हळू करत नेतात आणि तुम्हाला तो जिथपर्यंत ऐकू येतो तिथे खूण करतात. उजव्या कानासाठी लाल गोल आणि डाव्यासाठी निळी फुली असते. आडव्या दिशेला आवाजाची उंची, साधारणपणे २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंत, आणि उभ्या दिशेला आवाजाचा मोठेपणा मोजणारे डेसिबल असतात. खूण जितकी खाली, तितके नुकसान जास्त.

आता हा कागद संगीताच्या भाषेत वाचायला शिकावे. पेटीच्या मधल्या सप्तकातली काळी एक सुमारे २७७ हर्ट्झची असते, तार सप्तकातली तीच पट्टी त्याच्या दुप्पट, आणि नेहमीच्या पेटीच्या अगदी शेवटच्या पट्टीचेही मूळ कंपन साधारण १५०० हर्ट्झच्या आतच राहते. मोठ्या आवाजामुळे होणारी हानी मात्र बहुधा ३००० ते ६००० हर्ट्झच्या पट्ट्यात, विशेषतः ४००० च्या आसपास, खड्ड्यासारखी दिसते. म्हणजे स्वर शाबूत राहतो आणि त्याची झळाळी जाते. टाळांची लहर, तबल्याच्या चाटेची धार, तंबोऱ्याची जवारी आणि शब्दांमधले ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ हे याच भागात किंवा त्याच्या वर असल्याने आधी हरवतात. ‘मला पट्टी कळते, मग माझा कान गेला कसा?’ या प्रश्नाचे उत्तर हे आहे. आलेखाची डावी बाजू खाली गेली असेल, तर प्रश्न वेगळा असतो. मधल्या कानातल्या हाडांची साखळी आखडणे यासारख्या काही दोषांवर शस्त्रक्रिया होऊ शकते, म्हणून हाडामार्गे ऐकण्याची चाचणीही झालीच पाहिजे.

नेहमीची चूक : ‘इतके टक्के बहिरेपण’ एवढेच ऐकून घरी येणे. त्या आकड्यावरून वाद्यासाठी काहीच ठरवता येत नाही. आलेखाची प्रत मागून घ्यावी आणि तारखेसह वहीत चिकटवावी. पुढे सगळीकडे तीच लागते.

## टप्पा ४ : उरलेले राखा

आतल्या कानातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. म्हणून यंत्र शोधण्याच्या आधी जे उरले आहे त्याची राखण सुरू झाली पाहिजे.

हिशेब असा आहे. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास ही काळजी घेण्याची सीमा मानतात, आणि दर तीन डेसिबल वाढीला ती वेळ निम्मी होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास, आणि १०० डेसिबलला केवळ पंधरा मिनिटे. बँडच्या गाडीवरच्या भोंग्यांपुढे चालणारा वादक किंवा डीजेच्या भिंतीशेजारचा ढोलवाला वरातीच्या पहिल्या चौकातच ही वेळ संपवून बसतो.

कापसाच्या बोळ्यांनी संरक्षण अगदी थोडे मिळते, आणि वरचे आवाज जास्त अडल्यामुळे गाणे घोंगडीखालून आल्यासारखे लागते. मग वादक वैतागून बोळे काढतो. संगीतकारांसाठी वेगळ्या कानपट्ट्या (कानात बसवायचे इअरप्लग) मिळतात, ज्यांत सगळ्या उंचीचे आवाज जवळपास सारख्या प्रमाणात कमी होतात. कानाच्या साच्यावर करून घेतल्यास त्यांत ९, १५ किंवा २५ डेसिबलची गाळणी बसवता येते. पंधराच्या गाळणीने १०० डेसिबलचा आवाज कानापाशी ८५ चा होतो. गाणाऱ्यांना सुरुवातीला स्वतःचाच आवाज डोक्यात घुमल्यासारखा वाटतो. साचा कानात खोलवर बसेल असा घेतला की ते बरेच कमी होते.

जागा बदलणे फुकट आहे आणि त्याचा उपयोग पुष्कळ होतो. भोंग्याच्या समोरून बाजूला सरकावे, झांजवाल्याच्या पुढे बसू नये, आणि सुपारी घेतानाच मधल्या विश्रांतीची वेळ ठरवून घ्यावी.

## टप्पा ५ : चूक होण्याआधी सोबत्यांना सांगा

हा टप्पा सगळेच टाळतात, आणि मीही तो दोन वर्षे टाळला. ऐकू येत नसलेला पेटीवाला नकळत भाता जोरात मारतो. मला वाटायचे की माझी पेटी मऊ वाजते आहे, आणि प्रत्यक्षात गाणाऱ्याचे शब्द तिच्याखाली बुडत होते. आमचे बुवा अभंग म्हणता म्हणता डाव्या हाताचा तळवा खाली दाबून खुणा करत असत. मी त्या खुणेचा अर्थ ‘लय उतरव’ असा घेत राहिलो, लय उतरवत राहिलो, आणि मंडळात कुजबूज सुरू झाली की याचे आता लक्ष लागत नाही. ज्या दिवशी मी आलेख खिशातून काढून त्यांच्यापुढे ठेवला त्या दिवशी बुवा बराच वेळ त्या लाल गोलांकडे पाहत बसले, आणि मग एवढेच म्हणाले, “आधी सांगितलं असतं, तर मी तुमच्या समोर बसलो असतो.”

सांगताना क्रम ठेवावा. आधी घरात एका माणसाला, मग ज्याच्या शेजारी बसून वाजवतो त्या एका सोबत्याला, आणि त्यानंतर मंडळाला किंवा बँडच्या मालकाला. प्रत्येकाला सांगताना सोबत एक नेमकी विनंती असावी, कारण ‘माझे कान गेले’ एवढे ऐकून समोरचा माणूस हळहळतो आणि त्याला पुढे काय करायचे ते कळत नाही. विनंत्या साध्या असतात. समेला मान हलवावी. चाल बदलण्याआधी डोळ्याला डोळा द्यावा. पट्टी तोंडाने सांगण्याऐवजी बोटांनी दाखवावी, आणि तिची खूण सरावातच पक्की करावी. पाठीमागून हाक मारू नये.

घरच्यांसाठी एक गोष्ट स्वतंत्र सांगतो. मोठ्याने ओरडून बोलल्याने शब्द स्पष्ट होत नाहीत. ओरडताना शब्दांतले अ, आ, ई हे स्वर वाढतात आणि हरवलेली व्यंजने तशीच हरवलेली राहतात. समोर येऊन, चेहरा उजेडात ठेवून, थोडे सावकाश बोलणे पुरते.

सावधान : या काळात दुःख होते, आणि ते यंत्र घेतल्याने थांबत नाही. वाद्याला हात लावावासा न वाटणे, मंडळाच्या दिवशी काहीतरी कारण काढून घरी राहणे, झोप उडणे असे काही आठवडे सतत चालले तर मनोविकारतज्ज्ञांना भेटावे. जन्मभर ज्या गोष्टीसाठी आपली ओळख आहे ती हातातून निसटते आहे, असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि त्यासाठी मदत घेण्यात कमीपणा नाही.

## टप्पा ६ : यंत्र घ्या, पण संगीताची मांडणी मागून घ्या

श्रवणयंत्रे मुळात बोलणे समजावे म्हणून बनवलेली असतात. बोलण्याला उपयोगी पडणाऱ्या त्यांच्या सोयी गाण्याला त्रास देतात, आणि हे विक्रेता आपणहून सांगेलच असे नाही. मी पहिले यंत्र एका शिबिरात, आलेखाशिवाय, तयार मापाचे घेतले होते. पेटीची पट्टी धरून ठेवली की स्वर थरथरायला लागे आणि तंबोरा काही क्षणांनी विझत जाई. मी पेटी दुरुस्तीला दिली. कारागिराने सगळे सूर तपासून पेटी परत दिली आणि पैसे घेतले नाहीत. यंत्र चार महिने कपाटात पडून राहिले.

कारण असे होते. यंत्रात शिट्टी रोखणारी एक व्यवस्था असते आणि लांबवलेला सरळ स्वर तिला स्वतःचीच शिट्टी वाटते, म्हणून ती तो मोडू पाहते. गोंगाट कमी करणारी दुसरी व्यवस्था एकसारख्या चालणाऱ्या आवाजाला गोंगाट समजते, आणि तंबोरा तर एकसारखाच चालतो. म्हणून श्रवणतज्ज्ञांना पुढील गोष्टी लिहून द्याव्यात :

1. संगीतासाठी वेगळा कार्यक्रम हवा आणि तो बटणाने किंवा फोनवरून बदलता यावा.
2. त्या कार्यक्रमात गोंगाट कमी करणे बंद असावे, शिट्टी रोखणे बंद किंवा शक्य तितके मंद असावे, आणि माइक एकाच दिशेचे ऐकणारा नसावा.
3. वरचे आवाज खालच्या पट्टीत सरकवून ऐकवण्याची सोय त्या कार्यक्रमात बंद असावी. तिने स्वरांची नाती बिघडतात.
4. लहान-मोठ्या आवाजातला फरक फार दाबू नये, आणि मोठा आवाज आत घेताना यंत्र फाटू नये म्हणून त्याची आत घेण्याची मर्यादा जास्त असावी.

शेवटची गोष्ट वादकासाठी सर्वांत महत्त्वाची आहे, कारण बोलण्यापेक्षा वाद्य कितीतरी मोठे असते आणि आवाज एकदा आत येतानाच फाटला तर पुढे कशानेही सुधारत नाही. वाद्य सोबत घेऊनच यंत्र जुळवायला जावे. पेटी नेणे जड जाते हे मला माहीत आहे, पण लहान पेटी किंवा फोनवर ध्वनिमुद्रित केलेला आपला स्वतःचा तंबोरा तरी न्यावाच. एका भेटीत यंत्र जुळत नाही. तीन-चार फेऱ्या धरून चालावे आणि खरेदीआधी तेवढ्या फेऱ्या त्या किमतीतच असल्याचे लिहून घ्यावे.

पहिले काही आठवडे ताटांचा खणखणाट आणि वर्तमानपत्राचा चुरचुराट असह्य होतो. मेंदूला या आवाजांची पुन्हा सवय होईपर्यंत यंत्र रोज थोडे जास्त वेळ घालावे; फक्त भजनाच्या दिवशी घालणाऱ्याला ते कधीच लागू पडत नाही.

आपल्याकडचा उन्हाळा यंत्राचा शत्रू आहे. जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो आणि घाम थेट माइकच्या छिद्रात उतरतो. रात्री यंत्र ओलावा शोषणाऱ्या डबीत ठेवावे, गाडीत किंवा उन्हात ठेवू नये, आणि बदलायच्या सेलची चिकटपट्टी काढल्यावर एखादे मिनिट थांबूनच तो आत बसवावा, कारण तो हवेने चालू होतो.

नेहमीची चूक : हाडामार्गे ऐकवणारी साधने सर्वांना उपयोगी पडतात, असे समजणे. दोष बाहेरच्या किंवा मधल्या कानात असेल तर त्यांचा फायदा होतो. आतला कानच कमी झाला असेल तर आवाज कोणत्याही वाटेने आला तरी पोहोचतो त्याच थकलेल्या जागी. कानाच्या आत बसवायच्या कॉक्लियर इम्प्लांटबद्दलही तसेच लक्षात ठेवावे. नुकसान फार मोठे असते तेव्हा बोलणे कळण्यासाठी त्याचा मोठा आधार होतो, त्यातून लय चांगली कळते, पण स्वरांची उंची नीट कळत नाही. त्याची चौकशी करायची असल्यास मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे.

## टप्पा ७ : रियाज नव्याने मांडा

यंत्र अंगवळणी पडल्यावर, आधी नव्हे, रियाजाकडे वळावे. पहिला महिना एकच स्वर आणि एकच वाद्य असू द्यावे. षड्ज धरावा, फोनमधल्या ट्यूनरचा काटा पाहावा, डोळे मिटावे, पुन्हा गावा आणि मग काटा तपासावा. वर्षानुवर्षे पक्का झालेला सूर आठवणीत राहतो, पण त्या आठवणीवर एकट्याने विसंबू नये. डोळ्याने खात्री करून घेण्याची सवय लागली की मनातली धास्ती कमी होते.

दुसऱ्या महिन्यात स्पर्श जोडावा. पेटीच्या लाकडी पाट्यावर डाव्या हाताची करंगळी टेकवली तर खर्जातल्या पट्ट्यांचे कंपन बोटात वेगळे कळते, आणि पखवाजवाल्याची व आपली बैठक एकाच लाकडी फळीवर असेल तर धुमेचा ठोका मांडीला लागतो. हा स्पर्श आहे, ऐकणे नव्हे; तो लयीसाठी विश्वासाचा आणि सुरासाठी अपुरा आहे. पट्टी स्थिर असणाऱ्या वाद्यांना, म्हणजे पेटी आणि ऑर्गनला, हा काळ सोपा जातो. बासरी, व्हायोलिन आणि गळा यांना कठीण जातो, आणि तबला लावणे तर शेजाऱ्याच्या कानाने करून घेण्यात शहाणपण आहे.

## टप्पा ८ : काय सोडायचे ते वर्षानंतर ठरवा

यंत्र नीट जुळल्यापासून किमान सहा महिने, जमल्यास वर्षभर, कोणताही कायमचा निर्णय घेऊ नये. त्यानंतर वहीचे तीन रकाने पुन्हा भरावेत, पण आता रकाने असे : पूर्वीसारखे जमते, मदतीने जमते, जमत नाही. मी अनोळखी गायकाची आयत्या वेळची साथ सोडली, कारण तिथे क्षणात ऐकून उत्तर द्यावे लागते. ठरलेल्या चालींचे भजन मदतीने जमते. शिकवणे पूर्वीसारखे जमते, फक्त एका वेळी एकच विद्यार्थी बसवतो.

ज्या चाली तुमच्याशिवाय गावात कोणाला येत नाहीत, त्या याच वर्षी ध्वनिमुद्रित करून एखाद्या तरुणाच्या गळ्यात उतरवाव्यात. आपल्याकडच्या ओव्या आणि कानबाईची गाणी खानदेशच्या अहिराणी बोलीत असतात, ती लिहून काढताना शब्द बदलू नयेत.

दिव्यांग प्रमाणपत्राचे काम शेवटी ठेवले आहे, कारण त्याला स्थिर झालेला आलेख लागतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबलचे नुकसान म्हणजे कमी ऐकू येणे, आणि ७० डेसिबल म्हणजे बधिरत्व अशी व्याख्या आहे, आणि ती बोलण्याच्या उंचीवर मोजतात. त्यामुळे फक्त वरचे आवाज गेलेला वादक वाद्यापुरता पुष्कळ गमावूनही या व्याख्येत बसत नाही, हे आधीच माहीत असावे. बसत असल्यास स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज करून तपासणी करून घ्यावी.

तपासून पाहा : आलेख दरवर्षी काढावा, आणि मोठ्या आवाजात काम चालू असेल तर दर सहा महिन्यांनी. नवा कागद खिडकीच्या काचेवर जुन्या कागदावर ठेवून पाहावा. कोणत्याही दोन उंचींवर खूण दहा डेसिबल किंवा अधिक खाली सरकलेली दिसली, तर यंत्राचा आवाज वाढवून घेण्याआधी टप्पा ४ मधल्या कानपट्ट्या शेवटच्या कधी घातल्या होत्या ते वहीत शोधावे आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्यावी.